खालच्या खोलीतला बल्ब

३ फेब्रुवारी

खालच्या खोलीतला बल्ब आज पुन्हा वारला.

बल्ब 'वारतो' तो फक्त आमच्या घरात. लग्न होऊन आले तेव्हा माझं मराठी सगळं पुस्तकातलं, आणि तेही सिस्टरांच्या शाळेत शिकलेलं. कोणी 'मेलं' असं म्हणू नये, 'वारलं' म्हणावं, एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलेलं. पहिल्याच आठवड्यात या खोलीतला दिवा बंद पडला आणि मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर हळू आवाजात सांगितलं, "बल्ब वारला." सासरे दचकून उभे राहिले. वन्सं हसून हसून भिंतीला टेकल्या. "अगं ए कॉन्व्हेंट, मग रडायला कोणाकोणाला बोलवायचं?" तेव्हापासून मी कॉन्व्हेंट, आणि आमच्याकडचे बल्ब वारतात.

हसणाऱ्यांपैकी आता आम्ही दोघीच उरलो. मी खाली, वन्सं वर. यांची मोठी बहीण, तरी मला कधी मोठ्या नणंदेसारखी वाटली नाही. शाळेत पी.टी. शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडची पोरं सरळ उभी राहायची. गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून आणलं ते खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. त्यानंतर त्या जिना उतरलेल्या नाहीत. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येत असे; तीही शेवटी म्हणाली की वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात हेच खूप, जिन्याचं आता विसरा.

खाली आणायचं तर एक खोली आणि स्वयंपाकघर. बाथरूम वर. आणि वन्संना वरच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, ते सोडायचं नाही.

भाचीचा, म्हणजे वन्संच्या मुलीचा, दुपारी फोन आला. महिनाअखेरीला येऊन ती आईला आपल्याकडे घेऊन जाणार. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे. "मामी, तू एकटीनं किती करणार?" मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. खरंच बरोबर आहे. वन्संना वर जाऊन सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "बघू."

हे मेणबत्तीच्या उजेडात लिहिते आहे. अक्षर वाईट येतंय.

६ फेब्रुवारी

नवा बल्ब लावला तोही टिकला नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, "ताई, खाता काय बल्ब?" पिवळे, आत तार असलेले बल्ब आता कोणी आणत नाही, त्याच्या माळ्यावर जुन्या खोक्यात उरलेत तेवढेच. पांढरे घ्या म्हणतो, वर्षानुवर्षं चालतात. चालत असतील. पण त्या उजेडात माणूस दवाखान्यात बसल्यासारखा दिसतो. साखळीला टांगलेली ही दुधी काचेची शेड यांनी खांद्यावर मूल घ्यावं तशी सांभाळून आणली होती. तिच्याखाली पिवळाच उजेड हवा. तो पानावर पडला की हे समोर पेपर वाचत बसलेत असं वाटतं मला.

वन्संना कमी ऐकू यायला लागलंय का? संध्याकाळी रेडिओ इतका मोठा लावतात की मला स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी कळत नाही. मी जिन्यात जाऊन ओरडले, "अहो वन्सं, जरा हळू!" वरून उत्तर आलं, "तू हळू!" यात काय अर्थ लावायचा?

९ फेब्रुवारी

करंटला बोलावला. मोठा जाडजूड माणूस, वायरिंगची कामं करतो. एकदा त्याला जबरदस्त शॉक बसला होता. ती गोष्ट तो इतक्यांदा सांगतो की लोकांनी नावच ठेवलं. तो वन्संचा विद्यार्थी. केस पिकले तरी आमच्या घरात शिरताना शर्ट खोचतो.

मीटर लावून व्होल्टेज बघितलं. "जास्त आलं तर बल्ब लवकर जळतो काकू. पण तुमचं ठीक आहे." मग शेडमध्ये हात घालून बघितलं, गरम हवा कोंडते का. नाही. मग होल्डर उघडला तर आतली पितळी पट्टी दबलेली. "हा बघा चोर! बल्बला नीट टेकत नाही, ठिणग्या उडतात, बल्ब जातो." नवीन होल्डर बसवला, हात झटकले. वर मलाच दम दिला की खोलीतून बाहेर पडताना सारखा दिवा बंद-चालू करत जाऊ नका, थंड तारेला एकदम झटका बसतो. मी म्हटलं, ही काटकसर मला सिस्टरांनी शिकवली. "सिस्टर बल्ब भरून देतात का?" म्हणे.

जाताना जिन्याकडे बघून हळूच विचारलं, "बाई कशा आहेत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत, पण खचल्यात.

११ फेब्रुवारी

करंटचा चोर तो नव्हेच. आज संध्याकाळी मी वाटाणे सोलत होते, डोळ्यांदेखत बल्ब क्षणभर लखलखला आणि वारला. शेड मात्र बराच वेळ हलत होती. खिडकी बंद होती. मला जरा भीतीच वाटली, मग स्वतःची लाज वाटली.

रागानं भाचीला फोन लावला. लाइन खराब. मी म्हटलं, "अगं, आज परत वारला." पलीकडून एकदम तिची किंकाळी, "कोण? काय झालं आईला?" तिला शांत करता करता माझ्या तोंडून बाकीचंही गेलं. आईला ऐकू कमी येतं. आईनं काल कपाटातल्या सगळ्या जुन्या सतरंज्या मागून घेतल्या आणि खोलीभर अंथरल्या. मी विचारलं तर म्हणतात, "फरशी गार लागते." अहो, ही थंडी आहे का? आणि मधेच तोंडातल्या तोंडात "एक-दोन, एक-दोन" पुटपुटत असतात. मी दारात दिसले की गप्प.

भाची म्हणाली, "मामी, मी दोन दिवस आधीच येते."

फोन ठेवला आणि उगीच सांगितलं असं झालं. पण खोटं तर काही बोलले नाही.

१४ फेब्रुवारी

करंट पुन्हा आला. या वेळी म्हणाला, छतातली वायर वरच्या खोलीच्या फरशीखालून येते, वर जाऊन बघावं लागेल. संध्याकाळचीच वेळ, वर रेडिओ चाललेला. तो जिना चढला, दार वाजवलं. रेडिओ बंद झाला. मग वन्संचा शाळेतला आवाज, शब्द कळले नाहीत, पण स्वर ओळखीचा. पोराला कान धरून कोपऱ्यात न्यायचा तो.

करंट खाली आला तेव्हा चेहरा लालबुंद, डोळे चमकत होते. मला वाटलं ओरडा बसला म्हणून.

"वायर ठीक आहे काकू."

"मग?"

"मग असं आहे… आतली तार फार नाजूक. थंड असताना नाही, पण तापलेली असताना हादरा बसला की तुटते."

"हादरा कुठला? भूकंप झाला का?"

तो छताकडे बघत राहिला. "ट्रक," म्हणाला.

"या गल्लीत रिक्षा वळत नाही, ट्रक कुठून येणार?"

"लांबचे ट्रक असतात काकू. जमिनीतून येतो हादरा."

पैसे न घेताच गेला. दारातून वळून वरच्या खिडकीकडे बघितलं आणि चक्क टाचा जुळवल्या. करंटचंही आता वय झालं.

१७ फेब्रुवारी

आज तो न बोलावता आला, बरोबर लांबच लांब लोखंडी पाइप. जिन्याच्या भिंतीला, एका बाजूला कठडा आहे त्याच्या समोर, वरपासून खालपर्यंत ठोकून बसवला. म्हणे पुढेमागे नवी वायरिंग यातून घेऊ. मी म्हटलं, वायरीचे पाइप वर छताजवळ असतात, हा कमरेएवढ्या उंचीवर कशाला? आणि इतका जाड? "आता अशीच फॅशन आहे." दोन्ही हातांनी धरून स्वतः त्याला लटकून बघितलं. "वायरीला वजन असतं का रे एवढं?" मी विचारलं. "असतं काकू, काही काही वायरींना असतं."

अगदी कुरूप दिसतो तो पाइप. येता-जाता पदर अडकतो.

वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, "हुशार आहे पोरगा. माझ्या तासाला कधी चुकला नाही."

२० फेब्रुवारी

वन्संनी आज कॅनव्हासचे बूट मागितले. पांढरे, शाळेतले. माळ्यावरून काढले, झटकले. त्यांनी ते मांडीवर घेतले आणि नाड्या ओवत बसल्या. मला बघवेना. खाली येऊन कणीक मळली आणि रडले.

लग्नानंतर मला सायकल त्यांनी शिकवली. मी म्हणायचे, नको, पडेन. त्या म्हणायच्या, पड की, जमीन काय पळून जाणार आहे? सीट धरून मागून धावायच्या, आणि एक दिवस मी बोलतेय, बोलतेय, उत्तर नाही, म्हणून वळून बघितलं तर त्या पार तिकडे कमरेवर हात ठेवून उभ्या. मी तिथेच पडले. तरी त्या शिट्टी वाजवत होत्या आनंदानं. मला तोपर्यंत कोणी सोडून दिलंच नव्हतं.

आमच्या सिस्टर आम्हाला चालायला शिकवायच्या. लाकडी वऱ्हांड्यातून अशा जा की पावलाचा आवाज येता कामा नये. चांगल्या मुली ऐकू येत नाहीत, असं त्या म्हणायच्या. सिस्टरांची माया होती माझ्यावर. त्यांची भीती वाटली तरी ती माया मी विसरलेली नाही. आजही मी या घरात मांजरासारखी वावरते. आणि वन्सं! त्यांचा सगळा जन्म पाय आपटण्यात गेला. पावसात मैदानावर चिखल झाला की वरच्या वर्गात मुलांना कदमताल करायला लावायच्या, जागच्या जागी धाड-धाड. शेवटी मुख्याध्यापकांनी वरच्या मजल्यावर पी.टी. बंद केली, खालच्या वर्गातल्या बाईंच्या डोक्यावर चुना पडायचा. वन्संनी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा हे चहा प्यायचा विसरून हसत होते.

अशा बाईला मी खुर्चीत बसवून पाठवून देणार.

आज जेवल्या मात्र भरपूर. रोजच जेवतात हल्ली. वरण पुन्हा मागून घेतलं.

२३ फेब्रुवारी

दुकानदारानं शेवटचा पिवळा बल्ब दिला. खोकं उलटं करून दाखवलं. आता हा सांभाळायचा. संध्याकाळी लावायचाच नाही असं ठरवलं होतं, पण अंधार पडला की हात जातोच.

वन्संचं सामान भरायला घेतलं. साड्या, औषधं, यांचा आणि त्यांचा लहानपणचा फोटो. वॉकर पुसताना बघितलं तर खालची रबराची बुचं झिजून पार कागदासारखी झालीत. कसलं हलक्या दर्जाचं सामान विकतात! पलंगापासून बाथरूमपर्यंत जाऊन येण्यात बुचं झिजतात का?

काठी भरायला घेतली तर वन्संनी हातातून काढून घेतली. "ती राहू दे."

"प्रवासात लागेल म्हणून हाताशी ठेवते मी."

"कॉन्व्हेंट, तुला मी जायला हवीय का?"

असा प्रश्न त्या कधी विचारत नाहीत. मी म्हटलं, "तुमच्या भल्याचं आहे."

"मी भल्याचं विचारलं नाही."

"नको आहे," मी म्हटलं. "पण मी तुम्हाला उचलू शकत नाही वन्सं. रोज वाटतं, परत पडलात तर काय करू? मला झोप येत नाही."

त्यांनी माझा हात थोपटला. त्यांचा तळवा खरखरीत लागला, घट्टे पडल्यासारखा. पूर्वी दोरीच्या उड्या शिकवायच्या तेव्हा असा असायचा.

२६ फेब्रुवारी

भाची सकाळीच आली. आईला बघून डोळे भरून आले तिचे. गुणी मुलगी आहे, तिला कोणी वाईट म्हणू नये. तिनं टॅक्सी बोलावली, खुर्ची उचलायला हमालांना सांगून ठेवलं. बाहेर आभाळ भरून आलेलं, म्हणून मी खालच्या खोलीत शेवटचा बल्ब लावला, की वन्संनी निघताना एकदा ही खोली नीट बघावी.

वन्संनी आम्हा दोघींना वरून घालवून दिलं. "मला कपडे बदलायचेत. खाली थांबा."

आम्ही खाली थांबलो. हमाल दारात. तेवढ्यात वर शिट्टी वाजली.

किती वर्षांनी ऐकली! भाची एकदम सरळ उभी राहिली, तिच्या नकळत. जिन्याच्या वरच्या पायरीवर वन्सं. साडी वर खोचलेली, पायात पांढरे बूट, एका हातात काठी, दुसरा हात त्या कुरूप पाइपवर.

"आई!" भाची ओरडली आणि धावणार, तो वन्सं कडाडल्या, "सावधान!"

ती थांबली. हमालसुद्धा थांबले.

माझं तोंड उघडलं होतं. 'पडाल' हा शब्द जिभेवर आलेलाच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कॉन्व्हेंट, मोज."

मला काय मोजायचं तेही कळेना. मग त्यांनी पहिलं पाऊल खाली टाकलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "एक." दुसरा पाय शेजारी आला. "दोन." एक. दोन. मध्यावर त्या थांबल्या, पाइप धरलेल्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या, ओठ पांढरे. कोणी हललं नाही. मी आवाज चढवला. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नसेन. "एक! दोन!"

त्या खाली आल्या. जिना उतरल्या, खोलीच्या मधोमध, शेडखाली येऊन उभ्या राहिल्या. दम खाल्ला. आणि मग म्हणाल्या, "आता रोज वर काय चालतं ते बघ," आणि काठी टेकून, जागच्या जागी, पाय उचलून आपटले. धाड, धाड, धाड.

शेड गदागदा हलली. बल्ब लखलखला आणि गेला.

सगळे वर बघत राहिले.

"वारला," मी म्हटलं.

"माझ्यामुळेच," वन्सं म्हणाल्या. "सगळे माझ्यामुळेच. सतरंज्या टाकून बघितल्या, उपयोग झाला नाही. रेडिओ तरी किती मोठा लावणार?"

मग मला एकेक करून सगळं कळत गेलं, आणि मी मूर्खासारखी खुर्चीत, त्यांना न्यायला आणलेल्या त्याच खुर्चीत, बसले. भाची रडत होती, रागावत होती. "आई, मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस. आणि नको म्हणायला या घरात एक आहेच."

मला लागलं ते. पण खरं आहे; मी दारात उभी राहून दर पावलाला 'अहो हळू' म्हटलं असतं, आणि त्या वॉकरवरच राहिल्या असत्या.

"आता मी परत वर जाणार आहे," वन्सं म्हणाल्या. "उतरणं कोणालाही येतं. बघायचं असेल तर मागून या. हात लावायचा नाही."

चढताना मात्र फार वेळ लागला. मी मोजत होते. दारात करंट कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. ओठ मिटून, टाचा जुळवून. वरून "विश्राम!" ऐकू आलं तेव्हा त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि मला म्हणाला, "काकू, ट्रक वर पोचला."

१ मार्च

भाची आज एकटीच परत गेली. निघताना पाइप हलवून बघितला, करंटचा नंबर लिहून घेतला, आणि मला म्हणाली, "मामी, मला रोज सांगत जा. पण जे दिसतं तेवढंच सांग." मी म्हटलं, बरं.

सामान पुन्हा कपाटात लावलं. सतरंज्या गुंडाळून ठेवल्या, आता कशाला लपवायचं? वॉकरला नवी बुचं आणली. आणि कोपऱ्यावरून पांढरा बल्ब आणला. दुकानदार म्हणाला, "यात तार नसते ताई, छपरावर हत्ती नाचला तरी काही होणार नाही." मी म्हटलं, हत्तीच आहे.

उजेड अजिबात चांगला नाही. माझे हात पांढरेफटक दिसताहेत. समोरच्या खुर्चीत आता हे बसलेत असं वाटत नाही. नुसती खुर्ची दिसते, आणि तिच्यावरची धूळ. थोडं वाईट वाटलं. शेवटचा वारलेला बल्ब मी टाकला नाही, काचेच्या कपाटात ठेवलाय. हलवला की आत तुटलेली तार किणकिणते.

संध्याकाळ झाली आहे. वर रेडिओ लावलेला नाही. धाड, धाड चाललंय. डायरीच्या या पानावर आत्ताच छताचा चुना पडला. तो झटकला नाही. शेड साखळीवर झुलते आहे आणि दिवा स्थिर आहे.

"कॉन्व्हेंट!" वरून हाक आली. "ऐकू येतंय का?"

मी पेन ठेवून दोन्ही पाय फरशीवर जोरात आपटले.